भुसावळचा मे महिना आणि ४.७ गिगाहर्ट्झ

प्रश्न भुसावळच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाचा आहे. एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि प्रोसेसरच्या डब्यातच आलेला छोटा पंखा. जानेवारीत त्याने बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सहाही कोअर ४.७ गिगाहर्ट्झ आणि १.३५ व्होल्टवर बसवले, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेग दिला; यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात. रात्र-रात्र गेम खेळला, काही झालं नाही. एप्रिलपासून दुपारी गेम अडखळायला लागला आणि गेल्या आठवड्यात मशीन दोनदा आपोआप बंद पडलं. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा. सात-आठ हजारांचं वॉटर कूलिंग घेऊ का, असं विचारतोय.

नको घेऊस भाऊ. का ते सांगतो, पण आधी एक काम कर. भिंतीवर लावायचं दोन-तीनशे रुपयांचं डिजिटल थर्मामीटर आण आणि ते भिंतीवर न लावता कॅबिनेटच्या तोंडाशी ठेव, म्हणजे जिथून पंखा हवा आत ओढतो तिथे. दुपारी तीनला आकडा वाच. जळगावात माझ्या दुरुस्तीच्या दुकानात उन्हाळ्यात अशी मशीन येतात तेव्हा प्रोसेसरचं तापमान सगळ्यांना तोंडपाठ असतं. खोलीचं विचारलं की गिऱ्हाईक माझ्याकडे बघत बसतं. बाहेर ४५ असेल तर पत्र्याखालच्या खोलीत ४२ धरून चाल. टेबलाखाली भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कॅबिनेटमागे आणखी दोन-तीन अंश जास्त, कारण स्वतःचीच गरम हवा ते परत गिळत असतं.

आता हिशोब. प्रोसेसरवर पंखा बसव, टॉवर (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्यांचा उभा हीटसिंक आणि पंखा) बसव नाहीतर पाणी फिरव, खोलीच्या हवेपेक्षा थंड यातलं काहीच करू शकत नाही. उष्णता हवेत टाकणं एवढंच त्यांचं काम. म्हणून प्रत्येक साधनाला एक आकडा असतो: एका वॅटमागे प्रोसेसर हवेपेक्षा किती अंश वर चढतो. ५६०० सोबत येणाऱ्या पंख्याचा हा आकडा माझ्या अंदाजाने ०.८ च्या आसपास पडतो. उष्णता वर नेणाऱ्या चार नळ्यांच्या साध्या टॉवरचा ०.५५. दोन्हींत प्रोसेसरच्या आतलाही अडथळा धरलाय. या रायझनमधला कोअरचा तुकडा नखाएवढा असतो, सगळी उष्णता त्या नखातूनच बाहेर यायची असते, त्यामुळे वर कितीही महागडं धातूकाम ठेवलं तरी आकडा एका मर्यादेखाली उतरत नाही.

तुझा गेम प्रोसेसरकडून साधारण ६५ वॅट घेत असेल असं धरू. ६५ गुणिले ०.८ म्हणजे ५२ अंश. जानेवारीच्या रात्री तुझ्या खोलीत १८ असतील, १८ अधिक ५२ म्हणजे ७०. मस्त. आता मे महिन्यात तेच ५२ अंश ४२ वर चढव. ९४ झाले, आणि या प्रोसेसरची एएमडीने दिलेली मर्यादा ९० आहे. मशीनमध्ये काही बिघडलेलं नाही, पंखा तोच, पंखा नि प्रोसेसरमधली उष्णता नेणारी पेस्ट तीच. फक्त पाया २४ अंशांनी वर सरकला. पुण्या-बंगळूरची पोरं व्हिडिओत जे आकडे दाखवतात ते २५ अंशांच्या एसी खोलीतले असतात. आपल्याकडे हिवाळ्यात धुळ्याला पारा ६-७ पर्यंत उतरतो आणि मे महिन्यात भुसावळला ४५ च्या वर जातो, म्हणजे एकाच मशीनने वर्षात जवळजवळ ४० अंशांचा पल्ला सोसायचा. त्यामुळे आपल्याकडे ओव्हरक्लॉक किती करायचं हे प्रोसेसर ठरवत नाही, खोली ठरवते.

मग बंद का पडतं? दोन कारणं असू शकतात. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वीज तोडतो, हे एक. दुसरं जरा आतलं आहे. सिलिकॉन तापलं की त्याच वेगासाठी त्याला जास्त व्होल्टेज लागतं. १८ अंशांच्या खोलीत १.३५ वर टिकलेला ४.७ गिगाहर्ट्झ ४२ अंशांत १.३५ वर टिकेलच असं नाही. शिवाय तापलेलं सिलिकॉन जास्त वीज झिरपू देतं, म्हणजे तेवढ्याच कामाला वॅट वाढतात, वॅट वाढले की आणखी तापतं. आणि तू वेग नि व्होल्टेज हाताने ठोकून बसवलेस, तेव्हा प्रोसेसरची स्वतःची ७६ वॅटची मर्यादा बाजूला पडली. कंपनीने ठेवलेला राखणदार तूच सुट्टीवर पाठवलास.

आता त्या १.३५ चं बघू. प्रोसेसरची वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समज, मूळ स्थितीत तो सगळ्या कोअरवर ४.४ गिगाहर्ट्झ १.२० व्होल्टवर पळत होता. ४.७ भागिले ४.४ म्हणजे १.०७. १.३५ भागिले १.२० म्हणजे १.१२५, त्याचा वर्ग १.२७. दोन्हींचा गुणाकार १.३५. वेग वाढला ७ टक्के, उष्णता वाढली ३५ टक्के. जिऱ्याच्या फोडणीला गॅसची टाकी लावल्यासारखं आहे हे. आणि या ७ टक्क्यांतले गेममध्ये किती दिसतात? तुझं ग्राफिक्स कार्ड मधल्या दर्जाचं असेल तर गाडी तिथेच अडलेली असते, प्रोसेसर रिकामा बसून वाट बघतो. फ्रेम दोन-तीनने वाढल्या तरी नशीब.

पूर्वी असं नव्हतं, आणि ओव्हरक्लॉकिंगचं जे वेड आहे ते त्या काळातून आलंय. १९९८ मध्ये इंटेलचं सेलेरॉन ३००ए आलं. ३०० मेगाहर्ट्झचं, बस (बोर्ड नि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) ६६ ची. बोर्डवर बस १०० केली की तेच प्रोसेसर ४५०वर पळायचं. सरळ दीडपट, आणि बहुतेक नग टिकायचे. मी धंद्यात नवा होतो. पहिलं मशीन ४५० दाखवून सुरू झालं तेव्हा दुकानात चहा सांगितला होता. २०११ च्या आय७-२६००के पर्यंतसुद्धा मजा होती: ३.४ चं प्रोसेसर साध्या टॉवरवर ४.५ सहज गाठायचं. आता कंपन्या कारखान्यातूनच शेवटचा थेंब पिळून देतात. इतका, की इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होतात हे कंपनीला २०२४ मध्ये मान्य करावं लागलं. ऑगस्टमध्ये १.५५ व्होल्टच्या वर जाऊ न देणारा मायक्रोकोड, म्हणजे बायोसमधून येणारी प्रोसेसरची आतली दुरुस्ती, आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. कोणाकडे त्यातलं मशीन असेल आणि बायोस तेव्हापासून अपडेट केलं नसेल, तर ओव्हरक्लॉकचं नंतर बघा, आधी ते करा.

तू काय करायचं ते सांगतो. बायोसमध्ये जा, हाताने ठोकलेलं सगळं काढ, मूळ सेटिंग आण. मग मेमरीचं एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या छापील वेगाने पळवणारी सेटिंग, चालू आहे का बघ. माझ्याकडे येणाऱ्या मशीनमध्ये बऱ्याचदा ३२००ची रॅम बिचारी २१३३ किंवा २४००वर रांगत असते, कारण जोडणाऱ्याने ते बटणच दाबलेलं नसतं. रायझनला रॅमचा वेग फार मानवतो, आणि हा वेग जवळपास फुकट आहे, उष्णता नावापुरती वाढते. तुझ्या ४.७ पेक्षा यातून जास्त मिळेल, लिहून घे.

मग बायोसमधलाच कर्व्ह ऑप्टिमायझर. प्रत्येक वेगाला किती व्होल्टेज द्यायचं याची एक रेषा प्रोसेसरमध्ये असते आणि कंपनी ती सगळ्यात कमकुवत नगही चालावा म्हणून जरा वर ठेवते. ती रेषा खाली ओढायची. सगळ्या कोअरना उणे १० ने सुरुवात कर, दोन दिवस वापर, मग उणे १५, मग २०. व्होल्टेज १.२० वरून १.१० वर आलं तर वर्गाच्या हिशोबाने उष्णता १६ टक्क्यांनी उतरते, आणि वाचलेल्या वॅटमध्ये प्रोसेसर आपणहून थोडा वेग वाढवून घेतो. खरं ओव्हरक्लॉकिंग आता हेच राहिलंय, उलट्या बाजूने केलेलं. उणे ३०वर काही नग आरामात चालतात, काही उणे १५लाच रडतात. तुझा कोणता, हे तुलाच शोधावं लागेल.

पडताळणी करताना एक फसगत सगळ्यांची होते. प्रोसेसरवर भार टाकून बघणारं सिनेबेंच दहा मिनिटं चाललं, सगळे कोअर शंभर टक्के, पास झालं म्हणून खूश. पण व्होल्टेज कमी केल्यावर मशीन भाराखाली पडत नाही, मोकळं असताना पडतं. ब्राउझर उघडा आहे, तू भाकरी खायला गेलास, परत येऊन बघतोस तर मशीन रीस्टार्ट झालेलं. एकेक कोअर सर्वांत वरच्या वेगाला जातो ते हलक्या कामात, आणि तिथेच कमी व्होल्टेज उघडं पडतं. म्हणून कोअरसायकलर नावाचं फुकट साधन रात्रभर लाव, ते एकेका कोअरला वेगळं पिळतं. तापमान वगैरे दाखवणारं हार्डवेअर इन्फो (HWiNFO) चालू ठेव आणि त्यात खाली डब्ल्यूएचईएच्या, म्हणजे विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअरच्या, चुका शून्य आहेत का बघ. एक जरी दिसली तर पाच पायऱ्या मागे ये. आणि ही परीक्षा पहाटे गारव्यात घेऊ नकोस. दुपारी तीनला घे, पत्र्याखाली.

आता वॉटर कूलिंग. लोकांना वाटतं पाणी म्हणजे थंड. ते माठातलं पाणी नाही, बंद नळीत फिरणारं आहे आणि शेवटी रेडिएटरमधून त्याच ४२ अंशांच्या हवेत उष्णता टाकतं. मोठ्या प्रोसेसरचे २०० वॅट असतील तर मोठा रेडिएटर कामाचा, वाद नाही. पण तुझ्या ६५-७६ वॅटला अडथळा त्या नखाएवढ्या तुकड्यातच आहे, पाणी तिथे पोहोचत नाही. दुसरं म्हणजे असल्या बऱ्याच तयार संचांत पाणी ६० अंशांच्या वर जाऊ नये अशी अपेक्षा असते. ४५ अंशांच्या हवेत आणि जड भारात ही रेषा फार दूर राहत नाही. गरम पाणी रबरी नळ्यांतून थोडं थोडं उडतही असतं. चार वर्षांनी आतून गुळगुळ आवाज यायला लागला की समजायचं.

स्वतः नळ्या जोडून मोकळं वॉटर कूलिंग करणारे हौशीही आपल्याकडे भेटतात. त्यांना एवढंच: बोअरचं पाणी चुकूनही नाही. आपल्याकडच्या पाण्यातले क्षार खिडकीतल्या कूलरच्या टाकीवर पांढरी खपली करतात, तशीच ती प्रोसेसरवर बसणाऱ्या ब्लॉकच्या बारीक खाचांत बसते. डिस्टिल्ड पाणी, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं द्रव्य, आणि तांबं नि ॲल्युमिनियम एकाच चक्रात नको, नाहीतर एक धातू दुसऱ्याला खातो.

तू दोन-अडीच हजारांचा चार नळ्यांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर घे. ६५ गुणिले ०.५५ म्हणजे ३६. ४२ अधिक ३६, ७८. झालं की काम. बसवताना जुना पंखा सरळ वर ओढू नकोस. एएम४ सॉकेटचे (तुझा त्यातलाच) प्रोसेसर पेस्टला चिकटून सॉकेटमधून उपटून येतात, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट मऊ कर, मशीन बंद करून वायर काढ, मग पंखा डावी-उजवीकडे हळूहळू मुरगाळत सोडव. मी एकदा घाईत ओढला होता. नंतर सुईने आणि भिंगाने सतरा पिना सरळ करत बसलो, गिऱ्हाईक समोर स्टुलावर. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, नवी तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेव, पसरवत बसू नकोस. टॉवरच्या तळाची प्लास्टिकची फिल्म काढलीस का, हे दोनदा बघ. हसू नकोस, फिल्मसकट बसवलेली मशीन दरवर्षी माझ्याकडे येतात. आपल्या उन्हाळ्यात पेस्ट दीड-दोन वर्षांत बदलावी असं माझं मत.

पण खरा फायदा सांगू? तो खिडकीतल्या कूलरमध्ये आहे. कूलर म्हटलं की आपल्याला तोच आठवतो, आणि बरोबरच आठवतो. एप्रिल-मेमध्ये खान्देशातली हवा कोरडी ठक्क असते, त्यामुळे ओल्या ताट्यांमधून ४३ची हवा येताना २८-३०ची होऊन येते. तेरा ते पंधरा अंशांचा फरक. पंधरा हजारांचं वॉटर कूलिंग एवढा फरक देणार नाही. अट एकच: समोरचं दार किंवा दुसरी खिडकी उघडी हवी. खोली बंद केलीस तर तासाभरात दमट होते आणि कूलर नुसता वारा देतो. मृग लागला, पहिला पाऊस झाला की ही जादू संपते, पण तोवर बाहेरही उतरलेलं असतं.

मशीन मात्र कूलरच्या झोतात ठेवायचं नाही. ताट्या नव्या असल्या किंवा पंप जोरात असला की झोताबरोबर बारीक तुषार येतात, त्यात क्षार असतात. ते बोर्डवर सुकले की पांढरट थर उरतो, आणि पावसाळ्यात तोच थर ओल धरून वीज इकडून तिकडे नेतो. एका क्लासच्या मशीनचा बोर्ड उघडला तर मागच्या बाजूचे सगळे यूएसबी हिरवे पडलेले. कॅबिनेट बरोबर कूलरसमोर, दोन फुटांवर ठेवलेलं. तू खोलीच्या आडव्या कोपऱ्यात ठेव, जमिनीपासून फूटभर वर, मागे वीतभर जागा सोडून.

आणि कापूस. भुसावळला तुला कमी जाणवेल, पण जिनिंगच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. धरणगावकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसातलं मशीन माझ्याकडे आलं, तक्रार अशी की नुसतं एक्सेल उघडलं तरी पंखा विमानासारखा ओरडतो. तापमान ९७. टॉवरचा पंखा सोडवला, तर पंखा आणि पात्यांच्या मध्ये रुईचा एक अख्खा नमदा बसलेला, चार-पाच मिलिमीटर जाड. चिमटीत धरून ओढला तो गोधडीसारखा एका तुकड्यात निघाला, आणि त्यावर पात्यांचे ठसे जसेच्या तसे उमटलेले. बाकी काहीही न बदलता मशीन ७१वर आलं. साधी धूळ पात्यांमधून निम्मी निघून जाते, रुई अडकते आणि मग धुळीला धरून ठेवते. दिवाळीनंतर जिनिंग चालू असेपर्यंत दर महिन्याला पंखा सोडवून बघायचं. नुसतं बाहेरून ब्लोअर मारल्याने तो नमदा उलट घट्ट बसतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेव, मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरवर मशीन नेऊ नकोस, त्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं.

तुझ्या बोर्डकडेही एक नजर टाक. स्वस्तातल्या बी४५० बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक अर्धवट असतो किंवा नसतोच. डब्यातला पंखा खाली हवा फुंकतो, ती पसरून त्या भागालाही लागते. टॉवर हवा आडवी नेतो, मग तो भाग कोरडा राहतो. म्हणून टॉवर लावल्यावर मागे किंवा वर हवा बाहेर काढणारा एक पंखा लाव, शे-दोनशे वाचवू नकोस. मशीनला वीज देणाऱ्या डब्यावरचे, म्हणजे एसएमपीएसवरचे, वॅट कोणत्या तापमानाला दिलेत तेही वाच. २५ अंशांला ५५० आणि ५० अंशांला ५५० या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आतले कपॅसिटर दर १० अंशांना साधारण निम्मं आयुष्य गमावतात.

फ्रिजमध्ये मशीन ठेवायचं का, असं दरवर्षी कोणीतरी विचारतं. घरचा फ्रिज आतली उष्णता हळूहळू बाहेर टाकायला बनवलेला असतो, सतत शंभर वॅट ओतणारी शेगडी आत ठेवायला नाही. कंप्रेसर थांबत नाही, आतलं तापमान वाढतच जातं आणि शिवाय थंड जागी दव धरतं. एकाने तर जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या गोठवलेल्या मात्रा ठेवायची द्रव नायट्रोजनची टाकी असते, त्यातला थोडा मिळेल का, अशी चौकशी केली होती. कल्पना वेडी नाही. विक्रम करणारे उणे १९६ अंशांच्या त्याच नायट्रोजनवर करतात, आणि २०२२ मध्ये इंटेलचा आय९-१३९००के द्रव हेलियमवर ९ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला. पण तो काही मिनिटांचा खेळ असतो. तुला रात्रभर गेम खेळायचाय, आणि दवाखान्यातला नायट्रोजन गायी-म्हशींसाठी आहे.

शेवटी बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवून ठेव. हिवाळ्याच्या प्रोफाइलला पीबीओ (प्रोसेसरला आपणहून जास्त वीज नि वेग घेऊ देणारी सेटिंग) चालू, मर्यादा थोड्या सैल, हौस भागव. होळी झाली की दुसरं: कर्व्ह तसाच उणे, वॅटची मर्यादा मूळ ७६ किंवा त्याहून कमी, तापमानाची मर्यादा ८५. बोर्ड बदलत नाही तोवर दोन बटणांचं काम आहे. बायोस अपडेट केलं की प्रोफाइल पुसली जातात, म्हणून आकड्यांचे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेव.

आणि कॅबिनेटचं बाजूचं पॅनल काढून टेबलफॅन लावून ठेवतोस ना? सगळेच लावतात. तापमान पाच-सहा अंश उतरतं, खरं आहे. पण पत्र्याच्या खोलीत रात्री पाली असतात, आणि बोर्डचा तो वीजपुरवठ्याचा कोपरा त्यांना उबदार वाटतो. मागच्या जूनमध्ये एक बोर्ड आला होता, दोन कॉइलच्या मध्ये पाल होती, बोर्ड गेलेला, पालही. पॅनल काढायचंच असेल तर आधी त्या जागेला मच्छरदाणीची जाळी बसव.